विकून गेलेल्यांचा वाटा

गृहनिर्माण संस्थेत मोठ्या दुरुस्तीवरून होणारी भांडणे वरवर पाहता शेजाऱ्यांची असतात. वरच्या मजल्याचे खालच्या मजल्याशी पटत नाही, मोठ्या घराचे लहान घराशी पटत नाही, गाळेवाल्यांचे राहणाऱ्यांशी पटत नाही, आणि बाहेरगावी राहून फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांचे कोणाशीच पटत नाही. डोंबिवलीतल्या आमच्या संस्थेची खजिनदार म्हणून या भांडणांचे हिशेब मला कागदावर मांडावे लागले. ते मांडताना माझे मत असे झाले की, सभेत एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोन्ही पक्ष बहुतेक वेळा खरेच बोलत असतात, आणि ज्याच्याकडून पैसे यायला हवे होते तो तिसरा माणूस आपला फ्लॅट विकून केव्हाच निघून गेलेला असतो. त्याचा वाटा भरायचा कोणी, या प्रश्नाला कायद्यात आणि संस्थेच्या नियमांत, म्हणजे उपविधींत, थेट उत्तर नाही, आणि म्हणूनच तो प्रश्न दर वेळी दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचे रूप घेऊन सभेपुढे येतो.

आमची इमारत १९८८ सालची. तळमजला आणि वर तीन मजले, एकूण १४ घरे आणि रस्त्याच्या बाजूला ४ गाळे. आठ घरे ५४० चौरस फुटांची, सहा घरे ३८० चौरस फुटांची, आणि गाळे प्रत्येकी १५० चौरस फुटांचे. तिसऱ्या मजल्यावर पावसाळा आला की छताखाली पराती आणि पातेली मांडायची, आणि पावसाळा संपला की भिंतीचे पोपडे खरवडून रंगाचा एक हात मारायचा, हे वर्षानुवर्षे चालले होते. गच्चीवरचा विटांचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, जागोजागी फुगला होता, कठड्याला आडव्या भेगा गेल्या होत्या, आणि जिन्याच्या एका तुळईची सळई उघडी पडून तांबूस झाली होती. एका पावसाळ्यात त्या तुळईचा हातभर तुकडा शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या मागे दोन पायऱ्यांवर पडला, तेव्हा कुठे संरचनात्मक तपासणी करून घेण्याचा ठराव एकमताने झाला. नमुना उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. आमची ती पहिलीच होती.

तपासणीसाठी आलेल्या अभियंत्याने हातात एक लहानसा हातोडा घेतला होता आणि तो भिंतींवर, तुळयांवर, खांबांवर टकटक करत चालला होता. धड काँक्रीटवर हातोडा खणखणीत वाजतो. आतून सुटलेल्या प्लास्टरवर तोच बद्द वाजतो. बद्द आवाज आला की तो खडूने चौकोन आखायचा. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जाऊन तो खाली उतरला तेव्हा जिन्याच्या भिंतींवर इतके चौकोन झाले होते की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, “अगं, आपण इतकी वर्षं याच्यावर रंगच मारत होतो की!”

त्या चौकोनांमागे काय घडते ते समजून घेतल्याशिवाय खर्चाचा वाद समजत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. काँक्रीटमधले लोखंड गंजू लागले की त्या गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. सळई आतल्या आत फुगते, वरच्या काँक्रीटला ढकलते, आणि त्याला भेग पाडते. त्या भेगेतून पाणी आणि हवा आणखी आत जाते आणि गंज अधिक वेगाने वाढतो. म्हणजे आपल्याला पोपडा पडलेला दिसतो तो या साखळीचा शेवटचा टप्पा असतो. त्याच्या आधीची दहा-पंधरा वर्षे नुकसान चालूच असते, पण ते डोळ्यांना दिसत नाही आणि मासिक बिलातही दिसत नाही. इमारत रोज थोडी थोडी झिजते, खर्च मात्र एका दिवशी अंगावर येतो, आणि त्या दिवशी भागधारकांच्या यादीत ज्यांची नावे असतात त्यांनाच तो भरावा लागतो.

कराची रक्कम धरून पहिला अंदाज २४ लाखांचा आला. तो समान वाटला तर १८ जणांना प्रत्येकी सुमारे १,३३,००० रुपये येत होते. क्षेत्रफळावर वाटला तर मोठ्या घराला १,८०,०००, लहान घराला सुमारे १,२७,०००, आणि गाळ्याला ५०,००० येत होते. ही तीन ओळींची तक्ती मी सूचनाफलकावर लावली आणि त्या संध्याकाळपासून जिन्यात लोक थांबून थांबून बोलू लागले. लहान घरांना दोन्ही पद्धतींत फारसा फरक पडत नव्हता, तरीही सगळ्यांत तावातावाने बोलणारे तेच होते, कारण मासिक देखभाल शुल्क सर्वांना समान असते हे त्यांना वर्षानुवर्षे खटकत आलेले होते आणि ती जुनी खदखद आता बाहेर पडत होती. मोठ्या घरांना समान वाटप हवे होते. गाळेवाल्यांना क्षेत्रफळही नको होते. त्यांचे म्हणणे होते की गच्चीच्या कामातून त्यांना मुळातच वगळावे.

उपविधी उघडून पाहिले तर वाटपाचे एकच एक तत्त्व त्यांत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. सेवाशुल्क, म्हणजे सफाई, राखणदार, जिन्यातले दिवे, कार्यालयीन खर्च, हे सर्वांना समान. कारण झाडूवाला मोठ्या घरासमोर जास्त वेळ झाडत नाही. पाणीपट्टी नळांची संख्या आणि त्यांचा आकार पाहून. लिफ्ट असेल तर तिचा खर्च सर्वांना समान, मग कोणी तळमजल्यावर का राहत असेना. नेहमीच्या दुरुस्तीचा निधी प्रत्येक घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या बांधकामासाठी साठवायचा निधी, किमान ०.२५ टक्के. आणि मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढायची तर ती सर्वसाधारण सभा ठरवील त्या दराने, क्षेत्रफळावर. इमारतीच्या सांगाड्यात ज्याचा हिस्सा मोठा त्याने तो सांगाडा सावरायला जास्त द्यावे, यात मला अन्याय दिसत नाही. आमच्या मोठ्या घरांतल्या दोघांनी मासिक शुल्काचा दाखला देऊन बराच वाद घातला, परंतु झाडलोट आणि खांब या दोन गोष्टींना एकच माप लावता येत नाही, हे शेवटी त्यांनाही मान्य झाले.

गाळेवाल्यांचा वाद जास्त मुळाशी जाणारा होता. त्यांच्यातले वयाने सगळ्यांत मोठे, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, ते सभेत उभे राहून म्हणाले, “ताई, पस्तीस वर्षं दुकान चालवतोय, गच्चीवर मी एकदासुद्धा पाऊल ठेवलेलं नाही. गळतं ते वरच्यांच्या घरात. माझ्या डोक्यावर तुमचे तीन मजले आहेत, मला कसली गच्चीची काळजी?” त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, गच्ची वरच्या मजल्याची असते असे त्यांना मनापासून वाटत होते, आणि असे वाटणारे लोक प्रत्येक संस्थेत असतात. उपविधींनी मात्र गच्ची, कठडा, बाहेरच्या भिंती, जिने, सांडपाण्याच्या सामाईक वाहिन्या आणि पावसाच्या पाण्याची गळती हे सगळे संस्थेच्या खर्चात घातले आहे. इतकेच काय, गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या छताचे प्लास्टर पडले तर तेही संस्थेनेच करून द्यायचे असते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी इतकी वर्षे आपल्या छताचे पोपडे पदरमोड करून दुरुस्त केले होते, ही गोष्ट त्या सभेत पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवली.

भाऊंना उत्तर मिळाले ते मात्र त्यांच्याच दुकानात. दोन दुकानांमधल्या खांबाला त्यांनी प्लायवूड आणि सनमायकाचे आवरण घातले होते आणि त्यावर फळ्या ठोकून मालाची मांडणी केली होती. अभियंत्याने ते आवरण काढल्याशिवाय अहवालावर सही करणार नाही असे सांगितले. आवरण काढले तेव्हा खांबाच्या पायथ्याशी गुडघाभर उंचीपर्यंत काँक्रीट ओले होते, आणि नखाने टोकरले तरी भुगा होऊन गळत होते. उभ्या सळयांपैकी एक तर गंजून अगदी बारीक राहिली होती. इमारतीतला सगळ्यांत धोकादायक खांब गच्चीपासून सगळ्यांत दूर होता. भाऊ बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “हे पाणी आलं कुठून?” ते सांडपाण्याच्या फुटक्या वाहिनीतून येत होते, जी तिन्ही मजल्यांची होती. २०१७ च्या जुलै महिन्यात घाटकोपरला साईदर्शन इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला, आणि त्या वेळी चर्चा झाली ती तळमजल्यावरच्या फेरफारांची. खालच्याचा खांब तो वरच्याचा खांब असतो, आणि वरच्याचे पाणी ते खालच्याचे पाणी असते; सामाईक मालकीची ही गोष्ट करारनाम्यात वाचून कळत नाही, आवरण उचकटून पाहिल्यावर कळते.

खांब सगळ्यांचा असल्याने त्याचा निवाडा सोपा गेला. स्नानगृहाच्या गळतीचा निवाडा कधीच सोपा नसतो, कारण तिथे एकाच भिंतीत दोन मालकांच्या वाहिन्या असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या न्हाणीघराचे छत वर्षानुवर्षे ओले होते. वरच्या घरातल्या वहिनी म्हणायच्या की त्यांनी फरशी नवी घातली आहे, त्यामुळे पाणी त्यांचे असणे शक्यच नाही. आजी म्हणायच्या की फरशी घातल्यापासूनच ते सुरू झाले. दोन्ही घरांत हळदीकुंकवाचे जाणे-येणे बंद झाले होते. अशा वेळी संस्थेची पदाधिकारी मंडळी बहुधा कानाडोळा करतात आणि “तुम्ही दोघींनी मिळून मिटवून घ्या” असे सांगून मोकळी होतात. मला ते पटत नाही. मिटवण्याआधी पाणी कोणाचे हे कळले पाहिजे, आणि ते कळण्याचा मार्ग अगदी साधा आहे.

प्लंबरने वहिनींच्या न्हाणीतला नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतले पाणी वाहून जाण्याचे तोंड, बोळा घालून बंद केला, फरशीवर चार बोटे पाणी भरले आणि त्यात कपड्यांची नीळ टाकली. वहिनींनी एक दिवस शेजारच्या घरात आंघोळी उरकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींच्या छतावर, ट्रॅपच्या बरोबर खाली, रुपयाएवढा निळा डाग उमटला होता. आजींचा चेहरा उजळला. पण प्लंबर शिडीवरच थांबला आणि सामाईक वाहिन्या जातात त्या डक्टच्या बाजूच्या मोठ्या ओल्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हे बघा, इथं निळं काहीच नाही.” मग त्याने वरच्या मजल्यावरून सामाईक वाहिनीत पाणी सोडले आणि ती ओल आमच्या डोळ्यांदेखत वाढू लागली. म्हणजे छत एक, गळत्या दोन, आणि देणेकरी दोन: ट्रॅपचा सांधा वहिनींचा, उभी वाहिनी संस्थेची. तीन चतुर्थांश ओल संस्थेचीच होती आणि तिच्यासाठी दोन बायका इतकी वर्षे एकमेकींशी अबोला धरून बसल्या होत्या. व्यवहारात असे वाद निम्मे-निम्मे करून मिटवले जातात आणि त्याला समंजसपणा म्हटले जाते. इथे निम्मे-निम्मे केले असते तर दोघींनी संस्थेचा खर्च आपापल्या खिशातून भरला असता आणि वाहिनी फुटकीच राहिली असती.

आता त्या तिसऱ्या माणसाकडे येते. पहिल्या मजल्यावर एक तरुण जोडपे दोन वर्षांपूर्वी राहायला आले. गृहकर्जाचा हप्ता, लहान मूल, दोघांच्या नोकऱ्या. प्लास्टर फोडायला सुरुवात झाल्यावर आत आणखी गंजलेल्या सळया निघाल्या, कामाची परिमाणे वाढली, आणि अंदाज २४ लाखांवरून ३० लाखांवर गेला. दुरुस्तीच्या निविदेत दर पक्के असतात, परिमाण मात्र फोडल्याशिवाय पक्के होत नाही, हे मी सभेत आधीच सांगितले होते. तरीही त्या वाढीने अविश्वास वाढायचा तो वाढलाच. त्यांचा वाटा २,२५,००० झाला. त्या जोडप्यातला मुलगा मला अतिशय शांतपणे म्हणाला, “काकू, आम्ही दोन वर्षं राहतोय. पस्तीस वर्षांचा गंज आमच्या नावावर का?” त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा, पहिल्या दिवसापासूनचे सभासद, ताडकन उठले: “आम्ही पस्तीस वर्षं पैसे भरतोय, त्याचं काय? तुम्हाला तर आयती नवीकोरी इमारत मिळणार आहे.”

दोघांचेही म्हणणे ऐकून मी जुन्या वह्या काढल्या, कारण आजोबांनी नेमके किती भरले हे मला पाहायचे होते. आमच्या मोठ्या घराचा मूळ बांधकाम खर्च १८० रुपये चौरस फूट या दराने ९७,२०० रुपये धरला होता. त्याचे ०.७५ टक्के म्हणजे वर्षाला ७२९ रुपये, महिन्याला ६१. हा आकडा कधी बदललाच नाही. उपविधींतला टक्का किमान आहे, सभेला तो वाढवता येतो; पण किमान म्हणजेच नेमका, असे समजून आमच्यासारख्या असंख्य संस्था चालल्या आहेत. टक्का स्थिर, आणि ज्याच्यावर तो काढायचा ती रक्कमही १९८८ मध्ये गोठलेली. सिमेंट, लोखंड, मजुरी यांचे भाव मात्र गोठलेले नव्हते. आज तेच घर साधेपणाने बांधायचे तरी २,००० रुपये चौरस फूट धरले तर १०,८०,००० होतात आणि त्याचे ०.७५ टक्के म्हणजे वर्षाला ८,१००, महिन्याला ६७५. या ६१ आणि ६७५ यांच्या मधल्या दरीत आमची इमारत गंजत गेली.

त्या तरुण जोडप्याच्या घराचे पहिले मालक २४ वर्षे तिथे राहिले. त्यांनी दुरुस्ती निधीत सगळे मिळून १७,४९६ रुपये भरले, तेही मुख्यतः पंप आणि रंगकाम यांत संपले. घर विकताना त्यांनी संस्थेला हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करण्याचे शुल्क, दिले. महानगरपालिका क्षेत्रात ते २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ही मर्यादा २००१ पासूनची आहे. बाकी घराच्या वाढलेल्या किमतीचा सगळा लाभ घेऊन ते गेले. ते वाईट होते असे मी म्हणत नाही. ते सज्जन होते, गणपतीच्या वर्गणीत कायम पुढे असत, आणि त्यांनी नियमाप्रमाणे एकही रुपया बुडवला नाही. परंतु त्यांच्या २४ वर्षांत इमारतीची जी झीज झाली तिची किंमत त्यांनी भरली नाही, त्यांच्यानंतरच्या मालकाने भरली नाही, आणि ती सगळी आता दोन वर्षांच्या रहिवाशावर आली आहे. आजोबांचे म्हणणे खरे की त्यांनी मागितले तेवढे भरले. मुलाचेही खरे. मागितले गेले तेच कमी होते.

कमी का मागितले गेले, याची माझ्या मनातली कारणे सांगते. १९८०-९० च्या दशकांत डोंबिवलीत घरे घेणारी पिढी बऱ्याच अंशी गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींतून आलेली होती. तिथे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळपास गोठली होती, मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती किंवा करायची नव्हती, आणि १९६९ च्या कायद्यानंतर उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर लावलेल्या, इमारतींची दुरुस्ती शासनाच्या मंडळाकडे गेली. म्हणजे दुरुस्ती ही कोणीतरी दुसऱ्याने करायची, आपण फक्त तक्रार करायची, अशी सवय दोन पिढ्यांना लागली. त्या सवयीला मी दोष देत नाही. भाडेकरू असताना ती योग्यच होती. मालकी आली तेव्हा फ्लॅटची किल्ली आली, सोसायटीचे भागपत्र आले, पण ‘आता मालक आपणच, दुरुस्तीही आपलीच’ हे सांगणारे कोणी भेटले नाही. त्यातच देखभाल शुल्क कमी ठेवणे हा समितीच्या कर्तबगारीचा पुरावा मानला जाऊ लागला. “आमच्याकडे मेंटेनन्स फक्त एवढाच” हे वाक्य मी किती कौतुकाने उच्चारलेले ऐकले आहे! निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांची काळजी त्यामागे असायची, आणि ती खोटी नव्हती. पण महिन्याला काही शे रुपये वाचवून ज्या आजींना आम्ही सांभाळले, त्यांच्याच हातात वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दीड लाखांवरचे बिल आम्ही ठेवले.

आणि पुनर्विकास. कोणतीही दुरुस्ती दहा वर्षे पुढे ढकलायला हा एक शब्द पुरतो. “आता पाडायचीच आहे, तर पैसे कशाला घालायचे?” २००९ च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांत पुनर्विकासाला ७५ टक्के सभासदांची संमती लागत होती, २०१९ मध्ये ती ५१ टक्क्यांवर आणली गेली, आणि त्यामुळे आशा आणखी बळावली. आमच्याकडे दोन विकासक येऊन गेले. रस्ता अरुंद, भूखंड लहान, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर होणे, झालेले नाही; बिल्डरने ते केले नाही तरी शासनाकडून करून घेण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, तरतूद २००८ पासून असूनही आम्ही त्याचे भिजत घोंगडे ठेवलेले. दोन्ही विकासकांनी पुन्हा फोन केला नाही. त्या वाट पाहण्याच्या काळात तुळया मात्र थांबल्या नाहीत. ज्यांचा पुनर्विकास खरोखर दोन-तीन वर्षांत व्हायचा आहे त्यांनी टेकू लावून वेळ काढावी, हे मला समजते. पण ज्यांच्या हातात एकही सही झालेला कागद नाही त्यांनी त्या आशेवर गच्ची गळू द्यावी, हे मला समजत नाही.

पुण्यातल्या माझ्या भावाची इमारत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहे. तिथे घोषणापत्रातच प्रत्येक अपार्टमेंटच्या अविभक्त हिश्श्याची टक्केवारी लिहिलेली असते आणि सामाईक खर्च त्या टक्केवारीनेच वाटला जातो, त्यामुळे समान की क्षेत्रफळ हा वाद निदान कागदावर तरी मिटलेला असतो. परंतु गेलेल्या मालकाच्या झिजेचा प्रश्न तिथेही तसाच उभा आहे. टक्केवारी आजच्या मालकांत वाटते. कालच्या मालकाकडे तिचा हात पोहोचत नाही.

तो हात पोहोचायचा तर एकच वाट मला दिसते, आणि ती विक्रीच्या वेळी आहे. संरचनात्मक तपासणीचा अहवाल वेळच्या वेळी झालेला असेल, दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे हे ताळेबंदात स्पष्ट असेल, आणि ही दोन्ही कागदपत्रे घेणाऱ्याच्या हाती पडली, तर तो किंमत ठरवतानाच विचारील की पुढच्या पाच वर्षांत या घरावर किती खर्च येणार आहे. मग तो खर्च किमतीतून वजा होईल, म्हणजेच विकणाऱ्याच्या खिशातून जाईल, आणि न्याय तोच आहे. आमच्या तरुण शेजाऱ्याला घर घेताना स्वयंपाकघरातला ओटा दाखवला गेला, खिडकीतून येणारा वारा दाखवला गेला. अहवाल दाखवला गेला नाही, कारण तो अस्तित्वातच नव्हता. तपासणीचा खर्च वाचवला म्हणून तेव्हाच्या समितीचे आभार मानणारा ठराव इतिवृत्तात आहे.

काम पूर्ण झाले. वाटप क्षेत्रफळाप्रमाणे झाले. आजींना आणि त्या जोडप्याला अठरा मासिक हप्ते दिले, व्याज न लावता. त्यासाठी आजोबांनीच सूचना मांडली, आणि आजोबांबद्दल हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. भाऊंनी खांब पाहिल्यानंतरच्या आठवड्यात धनादेश दिला. दुसऱ्या एका गाळ्याचे मालक, जे परगावी असतात, त्यांनी ६२,५०० रुपयांपैकी काहीच भरलेले नाही, आणि त्यांच्याविरुद्ध वसुली दाखल्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज केला आहे. सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या बदलानंतर गृहनिर्माण संस्थांना तो कलम १५४ ब-२९ खाली करावा लागतो. थकबाकीवर आमच्या उपविधींप्रमाणे सरळ व्याज लागू आहे आणि ते मी दर महिन्याला त्यांच्या बिलात लिहिते.

दुरुस्ती निधी महिन्याला ६१ वरून ६७५ रुपये करावा हा माझा प्रस्ताव मात्र सभेने मान्य केला नाही. मोठ्या घराला ३०० वर तडजोड झाली, लहान घरांना आणि गाळ्यांना त्या प्रमाणात. इतका मोठा खर्च नुकताच झाल्यावर लोकांचे हात आखडतात हे स्वाभाविक आहे, पण पुढच्या दुरुस्तीचा गंज नव्या प्लास्टरखाली आजपासूनच चढू लागणार आहे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आहे. विषयपत्रिकेत मी दोन विषय घातले आहेत: निधीचा दर दर तीन वर्षांनी चालू बांधकाम खर्चावर नव्याने काढणे, आणि घर विकू इच्छिणाऱ्या सभासदाला थकबाकी नसल्याच्या दाखल्याबरोबर तपासणीचा अहवाल आणि निधीच्या शिलकेचा उतारा देऊन तो घेणाऱ्याला दाखवल्याची पोच मागणे. दुसऱ्या विषयाला विरोध होईल, कारण येत्या वर्षात आमच्यापैकी दोघांना घर विकायचे आहे. पहिल्या मजल्यावरच्या त्या मुलाने अनुमोदक म्हणून सही केली आहे.